भाऊसोंचे कान

आष्ट्यात न हलणारं डोकं एकच होतं आणि ते भाऊसोंचं होतं. प्रांजलनं आधी आपल्या वडलांना बसवून पाहिलं, पण ते दर दोन मिनिटांनी मान खाजवायचे. मग भावाला बसवलं, तर तो मोबाईलशिवाय बसेना. शेवटी ती आपली पिशवी उचलून पलीकडच्या गल्लीत चुलत्याच्या घरी आली. चोवीस वर्षं पलटणीत काढून हवालदार म्हणून घरी आलेला हा माणूस सकाळी एकदा बाहेरच्या सोप्यातल्या खुर्चीवर बसला, की नव्या पाहुण्याला तो माणूस आहे हे जरा उशिरानं कळायचं.

"काका, एक दिवस तुमचे कान पाहिजेत," प्रांजल म्हणाली.

"घे," भाऊसो म्हणाले. त्या दिवसाचं त्यांचं बोलणं तिथं बऱ्यापैकी संपलं.

प्रांजल सांगलीच्या कॉलेजात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती आणि तिचा प्रोजेक्ट हेडफोनवर होता. हेडफोन लावल्यावर आवाज कुठल्या बाजूनं आल्यासारखा वाटतो, पुढून की मागून, एवढंच तिला शोधायचं होतं. एवढ्याशा गोष्टीसाठी कॉलेज वर्षभर शिकवतं, हे तिच्या वडलांना अजून पटलेलं नव्हतं. तिनं हरभऱ्याएवढे दोन माईक भाऊसोंच्या दोन्ही कानांत बसवले, वायर शर्टाच्या खिशातल्या यंत्राला जोडली, आणि उन्हाची तिरीप डोळ्यांवर येते म्हणून खुर्ची रस्त्याकडून फिरवून स्वयंपाकघराच्या दाराकडं तोंड करून ठेवली. "चार वाजेपर्यंत हलायचं नाही. जेवायला तेवढं उठा."

भाऊसोंची बायको सुलाबाई दारात पिठाचे हात घेऊन हे सगळं बघत होती. "आदीच ऐकत न्हाईत," ती म्हणाली, "त्यात आता कानाला बूच बसलं. झ्याक झालं!"

"बूच नाही काकी, माईक आहे. उलट आज घरात जे बोललं जाईल ते सगळं ऐकलं जाणार."

"व्हय का? म्हंजी कुणीतरी ऐकंल म्हणायचं!"

हे ती गमतीनं म्हणाली नव्हती. तिची पोरगी सोनिया वाईला शाळेत शिकवत होती. जावयाची बदली लांब झालेली, पदरात दोन वर्षांचं मूल. "आई, तू कायमचीच ये," असं ती रोज फोनवर म्हणायची. सुलाबाई दोन महिने हो म्हणत नव्हती आणि नाहीही म्हणत नव्हती. तिला आधी एका गोष्टीचा निकाल लावायचा होता. ह्या खुर्चीवर बसलेल्या माणसाला आपलं असणं-नसणं कळतं का? कळत असेल तर इथंच राहायचं. कळत नसेल तर मग वाई काय वाईट? तिनं बॅग भरून दाराआड ठेवली होती. भाऊसो दिवसातनं चार वेळा त्या बॅगेला वळसा घालून जायचे. बॅग कुणाची, कशाला भरलीय, असं त्यांनी एकदाही विचारलं नव्हतं.

त्या रविवारी सुलाबाई रोजच्यासारखी स्वयंपाकघरातनं बोलत राहिली. सिलिंडर संपत आलाय. म्हैस दूध चोरतीय. शेजारच्या रेश्मानं नवा मिक्सर घेतला आणि जुना द्यायला आली, आपण भिकारी हाय का? बाहेरनं उत्तर येत नव्हतं आणि तिनं त्याची वाटही पाहिली नाही. अकराच्या सुमाराला तव्यावर भाकरी टाकताना मात्र तिचा हात थांबला. दार अर्धं लोटलेलं होतं. तोंडाकडं बघून हे बोलायला जमलं नसतं, म्हणून ती चुलीकडंच बघत, पण मोठ्यानं बोलली.

"मी वाईला जाते म्हणते. कायमची. ऐकलासा का?"

"हं," बाहेरनं आलं.

एवढंच. भाकरी करपली. पुढं चार वाजेपर्यंत तिनं सोप्यात पाऊल टाकलं नाही, जेवायला वाढलं तेही मान वर न करता. प्रांजल येऊन माईक काढून घेऊन गेली, त्यानंतर ती बाहेर आली, तेव्हा खुर्ची रस्त्याकडं तोंड करून होती आणि भाऊसो रस्ता बघत होते.

सोमवारी प्रांजल मोठे हेडफोन घेऊन आली आणि पहिला मान काकीला दिला. सुलाबाईनं ते डोक्याला लावले, आणि क्षणात डावा हात उचलून हवेत कुणाला तरी ढकलायला लागली. म्हैस डावीकडं होती. खरंच तिथं असल्यासारखी होती, जिथं गोठा आहे अगदी तिथंच, रवंथ करत. मग एक बाई बोलायला लागली.

"ही कोण गं? लय वटवट करतीय."

"तुम्हीच, काकी."

सुलाबाईला हे लागलं, पण तिनं ते गिळलं, कारण तेवढ्यात त्या बाईनं ते वाक्य म्हटलं होतं. मी वाईला जाते म्हणते. कायमची. आणि ते मागनं आलं होतं. मानेच्या मागनं, अगदी पाठीशी उभं राहून कुणी बोलावं तसं. ती वळली. आवाजही तिच्याबरोबर वळला आणि पुन्हा मागंच राहिला. ती पुन्हा वळली. तिनं सोप्यात एक पूर्ण फेरा घेतला, वायर पायात अडकली, पण ती बाई काही केल्या पुढं येईना.

"काकी, डोकं फिरवून उपयोग नाही. हेडफोन डोक्यालाच आहेत, त्यामुळे सगळं घर तुमच्याबरोबर फिरतं."

सुलाबाईनं हेडफोन काढून प्रांजलच्या हातात ठेवले. "कळलं," ती म्हणाली.

"काय कळलं?"

"मी बोलत हुते तवा ह्येंनी खुर्ची फिरवून माझ्याकडं पाठ केली हुती."

खुर्चीतनं आवाज आला, "न्हाई."

"मग माझा आवाज मागनं कसा येतोय?"

माईक निघाल्यावर, चारनंतर खुर्ची फिरवली, एवढंच त्यांचं म्हणणं होतं, आणि ते त्यांनी दोन शब्दांत सांगितलं. चारला प्रांजलनं खुर्ची दाराकडंच बघितली होती, पण अकराचा साक्षीदार कुणी नव्हता. सुलाबाई तडक बाहेरच्या कट्ट्यावर गेली. तिथं कारखान्यातनं रिटायर झालेले जोतिबा पेपर वाचत होते, त्यांना ती म्हणाली, "भावजी, सांगा बरं तुमीच. चोवीस वर्षं बंदूक धरलेला माणूस, आणि बायकोनं जाते म्हणल्यावर पाठ दाखवतो!"

आता बायकोकडं पाठ करून बसणं वेगळं आणि पाठ दाखवणं वेगळं. पहिलं घरोघरी चालतं. दुसरं पलटणीतल्या माणसाला ऐकवायचं नसतं. भाऊसो उठले. दुपारी बारा वाजता ते खुर्चीतनं उठले, ह्याचंच जोतिबांना आधी नवल वाटलं.

"कुणी पाठ दाखवली?" भाऊसोंनी विचारलं. "बोलव चार माणसं. ऐकू दे सगळ्यांना."

चार मिळाली नाहीत, तीनच मिळाली. जोतिबा होतेच, भिंतीवरनं वाकून रेश्मा ऐकत होती ती दारातनं आली, आणि डेअरीवरनं परतणाऱ्या वीरधवलला जोतिबांनी हाक मारून गाडी लावायला सांगितलं. जोतिबांनी हेडफोन लावले आणि लगेच उठून बाहेर निघाले. गोठा उजवीकडं कवा बांधला, हे त्यांना बघायचं होतं. प्रांजलनं त्यांना परत आणून हेडफोन सुलटे लावले. मग त्यांनी डोळे मिटले, बराच वेळ ऐकलं आणि म्हणाले, "मागनं."

"मागनंच," रेश्मा म्हणाली. "काकी, तुमचा आवाज रेडिओवाणी येतोय."

वीरधवल सावध माणूस होता. दुधातलं पाणी ओळखत असल्यामुळं कुठलंही मत तो एकदम द्यायचा नाही. "मागनं," तो म्हणाला, "आणि जरा वरनं. माळ्यावर बसून बोलल्यासारखं."

शेवटी भाऊसोंनी हेडफोन लावले. त्यांनी ते वाक्य एकदाच ऐकलं. "समोर," ते म्हणाले. "बारा फूट. दार अर्धं लोटलंय. तव्यावर भाकरी हाय."

"गड्या, तूच आरोपी आणि तूच साक्षीदार," जोतिबा म्हणाले. "असं कुठं असतं व्हय? तीन मतं मागची, एक पुढचं." निकाल लागला असं समजून त्यांनी चहा मागितला. सुलाबाईनं तो केला, सगळ्यांना दिला आणि भाऊसोंचा कप त्यांच्या पाठीमागं खिडकीत ठेवला.

प्रांजल मघापासनं हात चोळत होती. तिच्या प्रोजेक्टचं सगळं सार ह्या सोप्यात फुकट मिळालं होतं आणि काकीचं घर मोडायला निघालं होतं. "थांबा," ती म्हणाली. "कुणी खोटं बोलत नाही. हे बघा, प्रत्येकाचा कान वेगळा असतो. ह्या पाळीच्या घड्या असतात ना, त्यांना आपटून आवाज आत जातो. पुढनं आला तर एक तऱ्हेनं, मागनं आला तर दुसऱ्या. जन्मल्यापासनं आपलं डोकं आपल्याच कानाच्या घड्या पाठ करतं..."

"त्येच की!" सुलाबाई म्हणाली. "पाठच करत्यात!"

"तसलं पाठ नाही हो काकी! पाढे पाठ करतो तसं. आता हे काकांच्या कानांतून घेतलेलं आहे. त्या घड्या काकांच्या डोक्याला ओळखीच्या आहेत, म्हणून त्यांना समोर ऐकू येतं. तुमच्या डोक्याला त्या परक्या. मग डोकं गोंधळतं आणि समोर तर कुणी दिसत नाही म्हणून आवाज मागं नेऊन टाकतं."

सगळ्यांनी एकमेकांच्या कानांकडं बघितलं. भाऊसोंचे कान मोठे होते, जोतिबांचे पुरीसारखे फुगलेले, वीरधवलनं आपले टोपीत झाकले. कानावरनं एवढा फरक पडतो हे कुणाला फारसं पटलं नाही. सुलाबाईला तर अजिबात नाही. चाळीस वर्षांचा अनुभव तिच्या बाजूनं होता आणि समोर एका पोरीची वायर होती.

"सिद्ध करून दाखवते," प्रांजल म्हणाली. "परवा काकीच्या कानांत माईक घालते. दिवसभर. मग ते काकांना ऐकवते. काका समोर बसून बोललेले असले तरी काकांना स्वतःचा आवाज मागनं येईल. मग तरी पटेल?"

"पटंल," सुलाबाई म्हणाली. "न्हाई पटलं तर बिस्तरवारी साडेतीनची गाडी हाय. साताऱ्याला उतरून तिथनं वाई." हे तिनं भाऊसोंना ऐकू जाईल असं सांगितलं. आता तिला ते तोंडाकडं बघून सांगता आलं. भाऊसोंनी खिडकीतला कप घेतला आणि गार चहा पिऊन टाकला.

बुधवारी सुलाबाई कानांत माईक घालून, वरनं पदर घेऊन घरभर फिरली. आणि तिच्या लक्षात आलं, की आज आपण बोलत नाही आहोत. बोलली असती तरी चाललं असतं, पण आज माणसाचं ऐकायचं होतं. ती गप्प राहून वाट बघत राहिली. भांडी घासताना, गोठ्यात, कपडे वाळत घालताना. दुपारी ती उगीचच सोप्यात येऊन त्यांच्यासमोर तांदूळ निवडत बसली. मनात म्हणत होती, बोला की आता, काहीही बोला, म्हशीबद्दल बोला. भाऊसो तिच्याकडं तोंड करून, पाठ ताठ ठेवून, तासभर बसले. परीक्षा पाठ दाखवण्याची आहे अशीच त्यांची समजूत होती, आणि त्या हिशेबानं ते अगदी चोख वागले.

गुरुवारी दुपारी एकच्या सुमाराला हेडफोन भाऊसोंच्या डोक्यावर चढले. कुकरची शिट्टी झाली तसे ते दचकून मागं वळले आणि खुर्ची भिंतीला टेकवून बसले. बायकोच्या कानांतनं ऐकलेलं घर सगळं मागनंच येत होतं. मागं कुकर, मागं बादली, मागं दार. प्रांजल खूश झाली. "बघा! आता फक्त तुमचा आवाज ऐकवते. सकाळपासनं शोधतेय." ती लॅपटॉपवर पुढं गेली, आणखी पुढं गेली आणि मग हळू झाली.

"काय झालं?" सुलाबाईनं विचारलं. तिला काय झालं ते माहीत होतं.

"सकाळी एकदा खोकला आहे. दोनदा 'हं' आहे. आणि पाच वाजता... 'हाड'."

"त्ये कुत्र्याला," भाऊसो म्हणाले.

"माहीत आहे, काका."

"परत बघ."

"पूर्ण बघितलं."

"मी दिसभर हितंच हुतो."

"होता ना. पण ह्यात नाही आहात."

भाऊसोंनी हेडफोन पुन्हा डोक्यावर चढवले आणि तिला हातानं खूण केली, पहिल्यापासनं लाव. ते ऐकत बसले. सव्वा वाजला, दीड वाजला. प्रांजलनं मधला बराच भाग पळवत नेला तरी पावणेदोन झाले. सुलाबाई दाराला टेकून त्यांच्याकडं बघत होती. तिनं लढाई जिंकली होती आणि तिला त्याचा काडीचाही आनंद होत नव्हता. तिला रडू येत होतं. आपण दिवसभर काय ऐकतो हे तिला माहीतच होतं, पण ते दुसऱ्या कुणी बसून ऐकावं हे तिला सहन होईना. भांड्याचा आवाज, मग काही नाही. झाडूचा आवाज, मग काही नाही.

भाऊसोंनी हेडफोन काढले. "प्रांजल, रविवारच्यात माझ्या कानात कोण कोण हुतं गं?"

"काकी. आठ तासांत निम्मा वेळ तर काकीच."

"आणि हिच्यात?"

"पाच मिनिटं रेश्मावहिनी. बाकी... भांडी."

"म्हंजी माझ्या कानात दिसभर ही हाय," भाऊसो म्हणाले, "आणि हिच्या कानात कोणच न्हाई." एखाद्या चौकीवर माणूस नाही असा रिपोर्ट द्यावा तसं ते म्हणाले, आणि पुढं कुणाकडंच बघेनात.

प्रांजल आपलं प्रोजेक्टचंच बोलली. पुरावा अजून अर्धाच आहे. काकीच्या कानांत माईक घालते, काका तीन पावलं समोर उभे राहू देत आणि एक वाक्य बोलू देत. कुठलंही. सुलाबाईनं बॅग दाराआडनं काढून पायाशी ठेवली होती, तिच्या शेजारी ती उभी राहिली आणि कान पुढं केले. भाऊसो मोजून तीन पावलांवर आले. त्यांनी टाचा जुळवल्या, हनुवटी वर केली, आपला आठ आकडी नंबर सांगितला, हवालदार म्हणाले आणि आपलं संपूर्ण नाव सांगितलं.

"ह्ये तुमच्या पत्राच्या पाकिटामागं असायचं," सुलाबाई म्हणाली. "चोवीस वर्षं वाचलंय मी. आत काय लिवलंय त्ये बोला."

प्रांजलच्या हातातलं यंत्र चालू होतं आणि त्यात बराच वेळ नुसता रस्ता भरत राहिला.

"तुझा उजवा गुडघा वाजतोय," ते म्हणाले. "मागच्या परड्यात उतरताना न्हाई. वर चढताना. दुसऱ्या पायरीला."

सुलाबाईनं हे कुणाला सांगितलं नव्हतं. सोनियाला नाही, रेश्माला नाही. तिचा हात आपोआप गुडघ्याकडं गेला आणि अर्ध्या वाटेवर थांबला.

"कवापासनं ऐकताय?"

"दिवाळीपासनं. आदी कधीतरी वाजायचा. आता रोज वाजतोय. मिरजंला दाखवाय पायजे."

"दिवाळीपासनं ऐकताय," सुलाबाई म्हणाली, आणि तिचा आवाज फाटला, "आणि आज सांगताय!"

भाऊसो सावधानमध्येच होते. "चूक झाली," ते म्हणाले.

तिनं पदरानं डोळे पुसले. तिला राग आला होता, खरा, सणसणून, आणि त्या रागाला पहिल्यांदाच समोर कुणीतरी होतं. "खाली बसा," ती म्हणाली. "हितं, माझ्याम्होरं. आणि अजून काय काय ऐकलंय त्ये सगळं सांगा. एक बी सोडायचं न्हाई."

भाऊसो बसले. रविवारपासनं सुरू करून ते एकेक दिवस मागं जात सांगायला लागले, क्रमानं, न गाळता. साडेतीनची गाडी गेली तेव्हा ते गेल्या उन्हाळ्यापर्यंतच पोचले होते.